सोळा देश आणि एक बोरदरा

१२ सप्टेंबर २०१९, गुरुवार

दूध संघाने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर सत्यभामेने मटकीला मोड आणायच्या पातेल्यावर झाकण म्हणून वापरली. आज मी ती ताब्यात घेतली. उंबरटेकच्या दूध संस्थेचा मी सलग तिसऱ्यांदा चेअरमन आहे, आणि पुढच्या दोन महिन्यांत जे घडणार आहे ते कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. सेक्रेटरी धोंडीराम आहे, पण त्याला लिहायला सांगितलं तर तो माझ्याविरुद्धच लिहील.

आज गणपती गेले. विहिरीला पाणी नाही, म्हणून टँकरचं टिपाडभर पाणी ठेवून त्यात देवाला बुडवलं. सगळे 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत होते तेव्हा धोंडीराम हात जोडून म्हणाला, "येताना पाणी घेऊन या." देवासमोर असली थट्टा मला आवडत नाही. पण हसू आलं हे खरं.

संकटं दोन आहेत. पहिलं कूलरचं. संघाचे सुपरवायझर मोहनराव साहेब काल येऊन सांगून गेले की संस्थेचं रोजचं दूध तीनशे लिटरच्या आत राहिलं तर दिवाळी झाली की कूलर उचलणार. कूलर म्हणजे दूध थंड ठेवणारी मोठी टाकी. संघाची गाडी दिवसातून एकदाच येते. टाकी गेली की दूध नासणार, आणि मग घालणार कोण आणि कुठे? दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला जातं. मागे म्हातारी माणसं आणि लेकरं राहतात, त्यांची चूल दुधावर पेटते. शेजारच्या बायनाबाईचंच बघा. दोन्ही लेक, दोन्ही सुना कोयत्यावर, तीन नातवंडं तिच्या पदरात आणि घरात एक गाय.

दुसरं संकट सोळा देशांचं. सोळा देश मिळून एक करार करतायत म्हणे, एकमेकांच्या मालाला वेशीवर अडवायचं नाही असा. आपला देश त्यात गेला की न्यूझीलंडची दुधाची पावडर इथे पाण्याच्या भावाने येणार. पाण्याचा भाव आमच्याकडे काय आहे हे पेपरवाल्याला माहीत नसावं, पण मुद्दा कळला.

दोन्हीपैकी मोठ्या संकटाकडे आधी बघायचं, असा माझा स्वभाव आहे. उद्यापासून मी सोळा देशांच्या मागे लागणार.

१५ सप्टेंबर

आज मेहुणा आला. गहिनीनाथ, सत्यभामेचा धाकटा भाऊ, बोरदऱ्याचा. बोरदरा आमच्या खाली घाटाच्या पोटात आहे. दोन उन्हाळे त्यांनी तलावातला गाळ उपसला, म्हणून या सालीही तिथे पाणी आहे आणि मक्याचा हिरवा चारा आहे. आमच्या लोकांनीही गाळ उपसायचं ठरवलं होतं, पण आधी अध्यक्ष कोण यावर तीन बैठका झाल्या.

गहिनीनाथ म्हणाला की बोरदऱ्याला तुमच्या संस्थेत घ्या. त्यांचं दूध मोटरसायकलवरचा एक व्यापारी नेतो आणि मापात मारतो. मी त्याला शांतपणे समजावलं. संस्थेचा नियम आहे की दूध उंबरटेकच्या रहिवाशाच्या मालकीच्या जनावराचंच पाहिजे. नियम मीच केलेला आहे.

का केला तेही लिहून ठेवतो, कारण दैनंदिनीत खोटं लिहू नये म्हणतात. घाटात दोन गावांच्या मधोमध खंडोबा आहे. जत्रेतला मानाचा नारळ आमच्या गावाचा. तर एका जत्रेत माझा हात वर गेलेला असताना सासऱ्यांनी खालून पुढे होऊन नारळ फोडला. मी हात वर धरून तसाच उभा. लोक हसले. सासरे आता नाहीत, पण हात अजून दुखतो.

गहिनीनाथाला म्हटलं, "आज बोरदरा घेतला तर उद्या न्यूझीलंड यायला कितीसा वेळ?"

धोंडीराम तिथेच बसलेला. म्हणाला, "न्यूझीलंडला घाट चढायचा हाय चेअरमन, लागंल थोडा."

रात्री जेवताना सत्यभामा म्हणाली, "माहेरचं दूध परकं कसं वो?" मी तिला सांगितलं की सोयरीक वेगळी आणि सहकार वेगळा. तिने भाकरी अशी थापली की शेजारी ऐकू गेली.

२३ सप्टेंबर

गावात काहीतरी घडतंय आणि ते माझ्यामुळे घडतंय असं मानायला जागा आहे.

मागच्या सोमवारी मी पारावर बोललो. आपल्या म्हशीला जीव लावा, तिच्या पाठीवरून हात फिरवा, परका देश टपून बसलाय हे तिच्या कानात सांगा, म्हणजे ती पान्हा सोडेल. लोक हसले, पण बोललेलं रुजलं. परवापासून दूध वाढतंय. रोज थोडं थोडं. फॅटही चढली. धोंडीराम मशीनवर फॅट काढतो आणि आकडा वाचताना माझ्याकडे बघून मान हलवतो. मी म्हटलं, बघ, याला प्रबोधन म्हणतात. तो म्हणाला, "व्हय, लई हिरवं प्रबोधन हाय." हिरवं का म्हणाला ते कळलं नाही.

दुसरी आनंदाची गोष्ट म्हणजे बायकांमधला धर्मभाव. पितृपक्ष चालू आहे, तरी पहाटे गावातल्या पाच-सात बायका मिळून घाटातल्या खंडोबाला जातात. सत्यभामाही जाते. प्रत्येकीच्या डोक्यावर कॅन. मी विचारलं तर म्हणाली, तीर्थ आणायला. एवढं तीर्थ? तर म्हणाली, दुष्काळ मोठा हाय, तीर्थबी मोठंच लागतं. पटलं.

शंका एकच. गावात फिरताना गोठे रिकामे दिसतात. बायनाबाईची गायही दावणीला नव्हती. जनावरं माळावर चरायला गेली असतील असं मनाशी म्हटलं, पण माळावर दगडांशिवाय काही नाही हेही खरं. आमचा स्वतःचा गोठा तर उन्हाळ्यापासून रिकामाच आहे. आमची चांदी म्हैस सत्यभामेने युसूफ वडगावला माझ्या मावसबहिणीकडे अर्धलीने दिली आहे. जनावर आपलं, सांभाळ त्यांचा, दूध निम्मं निम्मं, अशी आमच्याकडची जुनी पद्धत. कपाळावर पांढरा टिळा म्हणून चांदी. मला तिची आठवण येते. बघायला जायचं राहूनच गेलं.

२ ऑक्टोबर

तीनशे पार! मोहनराव साहेब स्वतः आले, टाकीत वाकून बघितलं आणि पाठ थोपटली. आमच्याकडे चहा घेतला. चहा असा दाट की साहेबांनी बशीत ओतून साय बाजूला केली आणि विचारलं, दूध कुठलं? मी म्हटलं, "उंबरटेकचं, अस्सल." आतून सत्यभामेला ठसका लागला.

कूलर राहणार असं साहेब म्हणाले. ही बातमी सांगायला मी स्वतः बायनाबाईकडे गेलो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. डोळ्यांत पाणी होतं. चेअरमन झाल्याचं खरं समाधान मला आज मिळालं, हे इथे स्पष्ट लिहितो.

साहेबांनी दुसरीही बातमी आणली. सोळा देशांच्या कराराविरुद्ध धारूरला दूध उत्पादकांचा मेळावा आहे. 'दुष्काळात दूध वाढवणारा चेअरमन' म्हणून मला बोलायचं आहे. धोंडीराम म्हणाला, मी बी येतो, कुणीतरी टाळ्या सुरू कराया पाहिजेत.

५ ऑक्टोबर

भाषण बसवतोय. सुरुवात जमली, शेवट जमला, मधला मुद्दा अडला. मुद्दा असा की परकं दूध ओळखायचं कसं? परदेशी कंपनीने उद्या इथेच डेअरी काढली, इथल्याच नावाचं पाकीट केलं, तर ते दूध कुणाचं? आपल्या संस्थेचा नियम सांगावा असं माझ्या मनात होतं, की म्हैस ज्याची, दूध त्याचं.

चुलीपाशी बसून मोठ्याने म्हणून बघत होतो. सत्यभामा भाकरी परतत म्हणाली, "म्हशीच्या मालकाचं नगा सांगू. मालक काय, दूरबी ऱ्हातो. चाऱ्याचं सांगा. जिथला चारा, तिथलं दूध."

बाईमाणसाच्या तोंडून कधीकधी नकळत असं काही निघतं, पण त्यातलं सोनं ओळखायला जाणकार लागतो. मी ते ओळखलं, घासूनपुसून वाक्य केलं: 'म्हैस कुणाची ते विचारू नका, तिने कुठला चारा खाल्ला ते विचारा. ज्या मातीचा चारा, त्या मातीचं दूध!' सत्यभामेला म्हणून दाखवलं. तिने विचारलं, हे पेपरात येईल का. मी म्हटलं, येईलच. ती म्हणाली, मग चांगलं हाय. तिने मला आज एक भाकरी जास्त वाढली.

९ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक आले. बायनाबाईचे लेक-सुना गेले. ट्रक हलला तेव्हा धाकटा नातू मागे धावला, तर बायनाबाईने त्याला धरला आणि म्हणाली, चल, दूध घालायचं हाय आपल्याला. पोरगं लगेच गप्प झालं. मला वाटतं त्याला ते मोठं काम वाटतं.

उद्या धारूर.

१० ऑक्टोबर

जिंकलो.

निवडणुकीची आचारसंहिता असल्याने स्टेजवर पुढारी एकही नव्हता. त्यामुळे मला हवा तेवढा वेळ मिळाला. किल्ल्याच्या बाजूने वारा येत होता आणि माझा आवाज आडत बाजारापर्यंत गेला असणार. न्यूझीलंडला मी सोडला नाही. ऑस्ट्रेलियालाही दोन शब्द ऐकवले. आणि मग ते वाक्य टाकलं. धोंडीरामाला टाळ्या सुरू कराव्याच लागल्या नाहीत.

सगळ्यात जोरात टाळ्या उजवीकडून बायकांच्या घोळक्यातून आल्या. नीट बघतो तर आमच्या सासूबाई, भिवराबाई, आणि बोरदऱ्याच्या बऱ्याच बायका. नारळाचं मनात न ठेवता जावयाचं कौतुक करायला एवढ्या लांब आल्या! मला भरून आलं. धोंडीरामाला म्हटलं, माणसं ओळखण्यात मी चुकलो की काय. तो म्हणाला, "चुकलात, पण कंच्या बाजूनं ते कळंल."

१२ ऑक्टोबर

जिल्ह्याच्या पानावर छापून आलं. चौकटीत माझं वाक्य, जसंच्या तसं. फोटोत मी आणि धोंडीरामाचं कोपर. पेपराच्या पाच प्रती आणल्या. संध्याकाळी मोजल्या तर चारच. एक कुठे गेली विचारलं तर सत्यभामा म्हणाली, माहेरी धाडली, आईला लई हौस.

१७ ऑक्टोबर

काय लिहू.

सकाळी कूलरपाशी गेलो तर रांगच नाही. धोंडीराम एकटा मशीनवर बसून बिडी ओढतोय. टाकीत तळाला जेमतेम दूध. मी विचारलं, लोक कुठे आहेत? म्हणाला, दर्शन बंद झालं. मी म्हटलं, दर्शनाचा आणि दुधाचा काय संबंध? त्याने बिडी विझवली.

तेवढ्यात मोहनराव साहेबांची जीप. घरी घेऊन गेलो, चहा सांग म्हटलं, तर कोरा चहा आला. सत्यभामा म्हणाली, घरात दूध न्हाई. दुधाच्या चेअरमनच्या घरात साहेब कोरा चहा प्याले. जमीन दुभंगावी असं वाटलं. सध्या ती तशीच दुभंगलेली आहे म्हणा.

साहेब म्हणाले की बोरदऱ्याच्या बायकांनी स्वतःचा दूध गट काढला आहे आणि संघाने त्याला मान्यता दिली आहे. दूध आता तिथेच जमा होतंय, खालच्या रस्त्याने गाडी जाते. दिवाळी झाली की कूलरही तिकडेच. मी म्हटलं, "साहेब, आमच्या दुधाचं काय?" तर त्यांनी खिशातून पेपराची घडी काढली, माझीच चौकट, आणि वाचली. "तुम्हीच म्हणालात ना, ज्या मातीचा चारा त्या मातीचं दूध? बोरदऱ्याच्या बायकांनी हेच कात्रण अर्जाला लावलंय. आम्हाला काय, संघाला दूध दिसतं, गाव दिसत नाही."

साहेब गेल्यावर मी विचार करत बसलो. आमच्या म्हशींनी बोरदऱ्याचा चारा खायचं कारणच काय? चोरून गेल्या असतील तर गुराख्याला जाब विचारायला हवा.

२१ ऑक्टोबर

मतदान झालं. पाऊसही आला, उभं पीक हातात यायच्या वेळेला, नेहमीसारखा. बोटाला शाई आणि पायाला चिखल, असं गाव फिरत होतं.

दुपारी बायनाबाई ओट्यावर येऊन बसली. काही मागितलं नाही. भांडलीही नाही. मी म्हटलं, बायनाबाई, काही म्हणायचंय का? म्हणाली, "पंडिता, माजी गाय बोरदऱ्याला बांधलीया. निम्मं दूध माजं. पर त्या गटात मी न्हाई, आन तुजी संस्था बंद पडली. माजं निम्मं कुटं घालू?"

मग तिने मला सांगितलं. सगळंच. उन्हाळ्यात गावातल्या बायकांनी आपली जनावरं बोरदऱ्याला अर्धलीने दिली होती, कुणाच्या आत्याकडे, कुणाच्या बहिणीकडे. तिथलं दूध तो मोटरसायकलवाला न्यायचा; मी गहिनीनाथाला नाही म्हटल्यावर बायका पहाटे घाट उतरून जायच्या, धारा काढायच्या आणि दूध डोक्यावर घेऊन चढून यायच्या. बोरदऱ्याचा निम्मा वाटाही आमच्याच नावावर घालायच्या. जनावर उंबरटेकच्या मालकीचं, त्यामुळे माझा नियमही मोडत नव्हता. नियमातली पळवाट त्यांनी बरोबर ओळखली होती. आणि मी धारूरला जाऊन नियमच बदलून आलो. आता बोरदरा म्हणतो, चारा आमचा, दूध आमचं, परक्याच्या नावावर कशाला घालू?

बायनाबाई उठताना एवढंच म्हणाली, "तू भाषण चांगलं केलंस म्हनत्यात."

आज मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द सापडत नाही.

गावातल्या बायका म्हणजे माझीही बायको. पण ती खंडोबाला जाते, तीर्थ आणते. आमची चांदी तर युसूफ वडगावला आहे. तेवढं एक बरं.

२९ ऑक्टोबर, भाऊबीज

सत्यभामा ओवाळायला माहेरी निघाली, मी बरोबर गेलो. नारळानंतर बोरदऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. जाताना मनात ठरवलं होतं की गहिनीनाथाला एका बाजूला घेऊन सांगायचं, चल, घेतो तुम्हाला संस्थेत, मोठ्या मनाने. बोलायचं वाक्यही तयार होतं.

तलावाच्या कडेने गावात शिरत होतो. म्हशी पाण्यात बसल्या होत्या. त्यातली एक उठली, निथळत बाहेर आली आणि सरळ माझ्याकडे. कपाळावर पांढरा टिळा. माझ्या नव्या सदऱ्याला तिने नाक घासलं आणि ओरडली. चांदी! बांधावर बसलेल्या माणसांनी खाली माना घातल्या, त्यांचे खांदे हलत होते.

मी सत्यभामेला विचारलं, चांदी युसूफ वडगावहून इथे कशी आली?

ती म्हणाली, "चालत."

चांदीच्या मानेवर हात ठेवून मी तसाच उभा राहिलो. चांगली भरली होती, अंग चमकत होतं. मला राग यायला हवा होता, आला नाही. बरं वाटलं. इतके महिने तिला कोणी उपाशी ठेवलं नाही, हे बघून डोळे भरून आले, आणि ते बोरदऱ्याने बघितलं.

ओवाळणी झाली, जेवण झालं. मग देवळाच्या ओसरीवर बायकांच्या गटाची बैठक होती, तिथे मला नेलं. अध्यक्ष कोण, तर सासूबाई. मी गहिनीनाथाकडे बघून सुरुवात केली, की आम्ही बोरदऱ्याला आमच्यात घ्यायला तयार आहोत. गहिनीनाथ म्हणाला, "दाजी, माझ्याकडं कावून बघता? मला मत न्हाई. बायांचा गट हाय." सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, घेणार आमी हावोत. येणार तुमी. अर्ज कुणाचा हाय तेवढं बोला."

मोठ्या मनाचं वाक्य माझ्याजवळच राहिलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो की अर्ज उंबरटेकचा आहे. बायनाबाईची गाय तुमच्याकडे आहे, तिचा निम्मा वाटा अडकलाय आणि तीन लेकरं त्यावर आहेत. माझ्या भाषणाची शिक्षा तिला नको. हे बोलताना माझा आवाज धारूरसारखा नव्हता.

मग सासूबाईंनी अटी सांगितल्या. सभासद बायकाच. मानाचा नारळ यापुढे दोन्ही गावांची एकेक बाई मिळून फोडणार. मला मत नाही, पण बैठकीत कोपऱ्यात बसता येईल. सोळा देशांच्या करारात असं बसणाऱ्याला निरीक्षक म्हणतात हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, काहीबी म्हणा, बसा म्हंजे झालं. आणि शेवटची अट. उंबरटेकच्या बायकांनी घाट चढून दूध वर नेलं, आता गडीमाणसांनी ते खाली आणायचं. पाळीपाळीने, चेअरमनपासून सुरुवात.

मत घेतलं. बोरदऱ्याच्या सगळ्या बायकांचे हात वर. त्यात सत्यभामेचाही हात होता, आणि मला तेव्हा कळलं की ती पहिल्या दिवसापासून सभासद आहे. तिचा हात सगळ्यात शेवटी वर गेला. मधे थोडा वेळ ती माझ्याकडे नुसतीच बघत होती.

येताना घाटात मी तिला म्हटलं, माझ्या त्या एका वाक्याने केवढं रामायण झालं, वाक्यात ताकद असली की असं होतं. ती म्हणाली, "व्हय, तुमचं वाक्य लई भारी." मग तिने पदर तोंडावर धरला. धूळ नव्हती, कालच पाऊस झालाय.

५ नोव्हेंबर

पेपरात आलं. आपला देश सोळा देशांच्या करारात गेला नाही. काल तिकडे बँकॉकला नाही म्हणून सांगितलं. पारावर धोंडीरामाने बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, चेअरमन, तुमचं भाषण तिथवर गेलं. लोकांनी माझा सत्कार करायचा म्हणून फेटा शोधला. मी नको म्हणालो. आपण निमित्तमात्र, असंही म्हणालो. फेटा मिळालाही नाही.

चांदीला परवा घरी आणली, माळावर आता गवत उगवलंय. बायनाबाईची गायही आली. कूलर मात्र खाली गेला. ट्रकवर चढवताना मी हात लावला.

संध्याकाळी धार काढताना सत्यभामेने विचारलं, "देश कावून झाला न्हाई मेंबर?"

मी म्हटलं, दूधवाल्यांचं नुकसान झालं असतं म्हणून.

"मंग आपण कावून झालो?"

मी चांदीच्या पाठीवर हात ठेवून विचार केला. म्हटलं, न्यूझीलंडात आपली एकही म्हैस बांधलेली नाही. सत्यभामा हसली. या सालात ती अशी पहिल्यांदा हसली, दुधाची धार चुकून माझ्या पायावर आली.

७ नोव्हेंबर

आज पहाटे माझी पहिली पाळी. डोक्यावर कॅन, त्यात आमचं दूध आणि बायनाबाईचं. तिचा नातू वेशीपर्यंत सोडायला आला आणि सांडू नका म्हणाला. उतार असूनही मान मोडून आली. हे ओझं चढून कसं आणत असतील, हा विचार अर्ध्या वाटेत आला आणि मग सोबतच राहिला.

खंडोबापाशी थांबलो. पायरीवर कॅन टेकवायला वाकलो तर दगडावर गोल गोल डाग दिसले, एकात एक गुंतलेले, कॅनच्या बुडाएवढे. एवढे दिवस बायका खरंच इथे थांबत होत्या, तेवढं तरी सत्यभामा खोटं बोलली नव्हती.

त्यातल्याच एका गोलात मी माझा कॅन ठेवला, देवाला हात जोडले आणि दम खाऊन पुन्हा उतरू लागलो.